विषय: माईंसाठी मालिका सुचवा, आणि मालगुडीचा संच लागत नाहीये

मनू, सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

माईंचं प्लास्टर अजून पाच आठवडे तरी निघत नाही. पार्किंगमधल्या बर्फावर त्या घसरल्या ते सगळ्यांना माहीत आहेच. डब्यांसाठी मनापासून आभार, पण आता डबे पुरे, फ्रीजमध्ये जागा नाही.

मदत वेगळीच हवी आहे. दुपारी चार ते सहा हा वेळ माईंना खायला उठतो. मी ऑफिसात, मुलं शाळेतून यायची असतात आणि खिडकीबाहेर रस्त्याकडेला लोटलेला तोच काळा पडलेला बर्फ. बातम्या लावल्या की मन उदास होतं. रोजच्या चालू मालिका लावल्या तर त्यातली कारस्थानं बघून रात्री झोप लागत नाही. बघून बरं वाटेल असं काहीतरी सुचवा. रोज एक भाग, अर्ध्या तासाच्या आसपास. विषप्रयोग, स्मृती जाणं, सासू-सून नको.

दुसरं म्हणजे अप्पांनी मंडळाच्या कपाटातून दिलेला 'मालगुडी डेज'चा संच आमच्या प्लेयरवर लागत नाही. डीव्हीडी आत घेतो, थोडा वेळ फिरवतो आणि बाहेर काढतो. माई तीन दिवस वाट बघतायत. डीव्हीडी खराब आहे की प्लेयर?

मनू

बेबीताई, सोमवार, रात्री १०.१५

मनू, डोळे झाकून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लाव. माझ्या बाळंतपणात आईनं आणि मी तेच बघितलं होतं, म्हणून खात्रीनं सांगते.

२००१ ते २००५, तेव्हाची अल्फा मराठी. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केलेली आणि केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. आबा, शेखर, श्यामल, शलाका आणि शिऱ्या, घरात माणसं पाचच. भागाभागात काय घडतं? काहीतरी हरवतं, कोणीतरी पाहुणा येतो, शिऱ्या नवीन खूळ घेऊन येतो. शेवटी आबा वहीत लिहितात. झालं. भाग संपला की घर जागच्या जागी असतं आणि उद्या परत तिथेच जायचं असतं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना हेच हवं असतं गं. आपल्यासारखंच दुसरं एक घर, जिथे रोज डोकावता येईल.

आणि एक गंमत माईंना नक्की सांग. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर काळ्या-पांढऱ्यात चिमणराव लागायचे, ते प्रभावळकरच. बाळ कर्वे गुंड्याभाऊ. माईंनी ते शेजाऱ्यांकडे दारात बसून पाहिलेलं आहे, मागच्या कोजागिरीला सांगत होत्या. आबा झाले तेव्हा प्रभावळकर पुरते साठीचेही नव्हते, तरी चालताना गुडघ्यावर हात ठेवायची लकब बघ.

एका दिवशी एकच भाग. ओळीनं पाच बघितले तर चव जाते.

बेबीताई

अप्पा, मंगळवार, सकाळी ६.५०

डीव्हीडी उत्तम आहे. मी स्वतः पुण्याहून आणलेला संच आहे आणि कपाटात उभा ठेवलेला असतो, आडवा नाही. वहीत नोंद बघितली, याआधी सात घरांत जाऊन आला, एकाचीही तक्रार नाही. प्लेयर तपासावा.

संच मऊ कापडानंच पुसावा, आतून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल पुसू नये.

पाडव्याच्या आधी परत यावा ही विनंती. पाडव्याला कपाट मांडतो तेव्हा लोक मागतात.

अप्पा

नाना, मंगळवार, सकाळी ८.०५

अप्पा, डीव्हीडी चांगली आणि प्लेयरही चांगला, तरी लागणार नाही. टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत, भारतातली डीव्हीडी पाल पद्धतीची, इथले कॅनडातले प्लेयर एनटीएससीचे. तिकडे सेकंदाला २५ फ्रेम आणि पडद्यावर ६२५ रेषा, इकडे ३० च्या आसपास फ्रेम आणि ५२५ रेषा. इथल्या दुकानातला साधा प्लेयर पाल ओळखतच नाही. ज्या सात घरांत चालला त्यांनी बहुतेक लॅपटॉपवर बघितला असणार. कॉम्प्युटरला पाल-एनटीएससीचं काही पडलेलं नसतं.

मनू, डब्याच्या मागे पृथ्वीच्या गोळ्याचं छोटं चित्र असेल, त्यात ५ आकडा आहे की 'ऑल' लिहिलंय ते बघून सांग. त्यावरून पुढचं सांगतो.

मालिका म्हणाल तर 'गोट्या' विसरू नका. ना. धों. ताम्हनकरांचा, राजदत्तांनी केलेला. शीर्षकगीत बी रुजण्याचंच आहे, मधुकर आरकडे यांचे शब्द, अशोक पत्कींची चाल. मार्च महिन्यात बर्फाकडे बघत ते गाणं ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. मला दरवर्षी भरून येतं.

नाना

अप्पा, मंगळवार, सकाळी ८.२०

सातपैकी दोन घरं तरी प्लेयरवर बघत होती. मी स्वतः चहाला होतो.

अप्पा

चिनू, मंगळवार, दुपारी १२.३०

नमस्कार, मी सहसा इथे लिहीत नाही.

माईआजींना 'शिट्स क्रीक' दाखवा. एक श्रीमंत कुटुंब सगळं गमावतं आणि एका छोट्या गावातल्या मोटेलमध्ये राहायला येतं. यूजीन लेव्ही आणि त्यांचा मुलगा डॅन यांनी मिळून केलेली, २०१५ ते २०२०. एकूण ८० भाग आणि प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे मनूकाकूंच्या वेळात बसतो. पहिले सात-आठ भाग त्या माणसांचा राग येतो, पण सोडू नका. नंतर ती माणसं एकमेकांशी चांगलं वागायला शिकतात आणि बघणारा त्यांच्यात गुंततो. शेवटच्या वर्षी तिला नऊ एमी मिळाले.

आणि ते गाव आपल्या जवळ आहे! चित्रीकरण गुडवुडमध्ये झालंय, इथून गाडीनं तासाभरावर. प्लास्टर निघालं की मी माईआजींना घेऊन जाईन. चौकातली ती दुकानं खरी आहेत.

चिनू

बेबीताई, मंगळवार, दुपारी १.१०

चिनू बाळा, छान लिहिलंस, लिहीत जा. पण ते नाव माईंच्या दिवाणखान्यात कसं उच्चारायचं? आणि इंग्रजी भराभर बोलतात, माईंचा उजवा कान कमी ऐकतो.

चिनू, मंगळवार, दुपारी १.२५

नाव त्या गावाच्या संस्थापकाच्या आडनावावरून आहे, काकू. खाली अक्षरं लावता येतात, मोठीही करता येतात. माझ्या आजीला मी तशीच लावून देतो, ती भारतातून येते तेव्हा.

सुमावहिनी, मंगळवार, संध्याकाळी ७.००

अक्षरांवरून आठवलं. 'ऑल क्रिएचर्स ग्रेट अँड स्मॉल' बघा, २०२० ची नवी. यॉर्कशरमधला जनावरांचा डॉक्टर, १९३० च्या दशकातला. डोंगर, दगडी कुंपणं, मेंढ्या, गाईंचे गोठे. गावाचं नाव गोष्टीत डॅरोबी आहे, चित्रीकरण ग्रासिंग्टनला झालं. पूर्वी बीबीसीनेही केली होती, १९७८ मध्ये. पण नवीतल्या मिसेस हॉल बघाव्यात, सगळं घर त्या बाईच्या स्वयंपाकघरातून चालतं.

मला ही मालिका इतकी का धरून ठेवते ते सांगते. माझे वडील सांगली जिल्ह्यात पशुवैद्य होते. रात्री दोनला कोणीतरी सायकलवर यायचं, "डॉक्टर, म्हस अडलीया." वडील लुंगीवरच निघायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा हट्टानं मागे लागले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवलं. बाहेर आलं ते हलेना. वडिलांनी गवताच्या काडीनं त्याच्या नाकात गुदगुल्या केल्या, ते शिंकलं आणि श्वास घ्यायला लागलं. घरधन्याच्या बायकोनं मला गुळाचा खडा दिला होता. या मालिकेत तसाच प्रसंग आला तेव्हा मी टीव्ही थांबवून भावाला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. त्यानं न रागावता सगळं ऐकून घेतलं.

भाग पाऊण तासाचा आहे, अर्ध्याचा नाही. माईंना मध्ये चहा देता येईल.

सुमा

मनू, मंगळवार, रात्री ९.१५

नाना, गोळ्याच्या चित्रात 'ऑल' लिहिलंय. आमच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची फटच नाही. आता काय?

सुमावहिनी, माईंना तुमची मेल वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

नाना, मंगळवार, रात्री ९.४०

तो आकडा म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या प्रदेशात चालेल ते. 'ऑल' म्हणजे प्रदेशाची अडचण नाही, फक्त पालची. माझ्याकडे वायरनं जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे. लॅपटॉपला तो जोडायचा, लॅपटॉप एचडीएमआय वायरनं टीव्हीला. झालं.

बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो, दर वर्षी कोणीतरी विचारतंच. गोळ्यात ५ असेल तर ती भारताकडच्या प्रदेशाची, कॅनडा १ मध्ये येतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह प्रदेश बदलू देतो, पण पाचच वेळा. पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच तो कायमचा अडकतो. म्हणून घरातला एक जुना ड्राइव्ह कायम ५ वर ठेवावा आणि त्याला हात लावू नये. कपाटातल्या नाटकांच्या व्हीसीडींना मात्र प्रदेशाचं बंधन नसतं.

अप्पा, बुधवार, सकाळी ६.४५

व्हीसीडींचं नानांनी लिहिलंय ते बरोबर. एकूण ४१ आहेत, त्यात ६ नाटकांचा दुसरा भाग गहाळ आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणून द्याव्यात, दंड नाही, काही नाही. फक्त द्या. अर्धं नाटक बघून उठावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

डीव्हीडी ड्राइव्ह मंडळाच्या नावानं एक घेऊन कपाटातच ठेवावा असं मला वाटतं. मग संच आणि ड्राइव्ह एकत्रच द्यायचा. कार्यकारिणीत मांडतो. नोंद मीच ठेवेन.

नाना, बुधवार, सकाळी ७.१०

चांगली कल्पना. पण तो ५ वर कोण लावणार आणि नंतर कोणी बदलणार नाही हे कोण बघणार? त्यावर चिकटपट्टी लावून लिहावं लागेल. ते माझ्याकडे द्या.

अप्पा, बुधवार, सकाळी ७.१८

चिकटपट्टी तुम्ही लावा. किल्ली माझ्याकडेच राहील.

बेबीताई, बुधवार, सकाळी १०.३०

ड्राइव्हचं होत राहील. मालगुडीबद्दल कोणीच काही लिहिलं नाही! १९८७, शंकर नाग. चित्रीकरण बहुतेक सगळं अगुंब्याला, पश्चिम घाटातलं धो धो पावसाचं गाव. आर. के. नारायण यांच्या गोष्टी आणि भावाची, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं. सुरुवातीचे भाग हिंदीत आणि इंग्रजीतही केले होते, म्हणजे मनूची मुलं शाळेतून आली की आजीजवळ बसू शकतील. स्वामी त्यांच्याच वयाचा आहे.

आणि 'प्रपंच'! प्रतिमा कुलकर्णींची. समुद्राकाठचं 'आश्रय' नावाचं घर. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी. सुधीर जोशी २००५ मध्ये गेले, रसिका २०११ मध्ये. ती दोघं पडद्यावर आली की मी आजही हातातलं काम ठेवते.

सुमावहिनी, बुधवार, दुपारी ४.२०

येत्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातायत, विसरू नका. पुण्याशी साडेदहा तासांचा फरक साडेनऊवर येतो. माईंचा बहिणीला रोजचा फोन असतो, तो मालिकेच्या वेळेवर यायला नको.

आमच्या मागच्या मेपलला काल बादली लावली. रात्री उणे आणि दिवसा शून्याच्या वर गेलं की रस धरतो, तसं आता सुरू झालंय. ४० लिटर आटवला की लिटरभर पाक. माईंना छोटी बाटली आणते. डबा नाही मनू, बाटलीच.

मनू, शनिवार, रात्री ८.५०

नाना दुपारी आले, ड्राइव्ह जोडला आणि मालगुडी लागलं. नानांनी वायरवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, १, २, ३, त्यामुळे आता माझी मुलंही लावू शकतात. सुरुवातीचं संगीत लागलं तेव्हा माईंनी माझा हात धरला होता.

असं ठरवलंय: चार वाजता टिपरे, मुलं आली की मालगुडी. शनिवारी सुमावहिनींचा जनावरांचा डॉक्टर, वहिनी स्वतः येणार बघायला. चिनूची मालिका बुधवारी, तोही येणार. बेबीताई, नाव उच्चारायचं नाही असं माईंनीच ठरवलं, आम्ही 'चिनूची मालिका' म्हणतो.

माईंना दोन ओळी लिहायच्या आहेत.

*सर्वांस नमस्कार. आज स्वामी पाहिला. आमच्या गावच्या शाळेत असाच पिंपळ होता. अप्पा, तिसऱ्या डीव्हीडीवर बारीक ओरखडा आहे, तो आमच्याकडे यायच्या आधीचा आहे, पण चित्र अडकत नाही. पाडव्याला परत देता येणार नाही, भाग उरतील. वहीत माझं नाव पुढे चालू ठेवा. — माई*

अप्पा, शनिवार, रात्री ९.०५

माई, सावकाश बघा. वहीत अक्षय्यतृतीयेपर्यंत लिहिलंय.