आय५-७४०० बदलायचाय, डीडीआर४ रॅम तीच ठेवायची आहे: स्वस्तातला कोणता मदरबोर्ड घ्यावा?

बोर्डशोधक

नमस्कार मंडळी.

आत्ताचा सेटअप असा: कोअर आय५-७४००, एच११० चिपसेटचा (म्हणजे मुख्य नियंत्रक चिपचा) बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक (२४०० वेगाच्या), जीटीएक्स १०६० ६ जीबी, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट), एक साटा एसएसडी, एक हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यामुळे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणं आलं.

काम म्हणजे फोटो एडिटिंग, १०८०पी व्हिडिओचं थोडं एडिटिंग आणि १०८०पी गेमिंग. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचं नाही. रॅम, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस शक्यतो तेच ठेवायचे आहेत.

दोन जोड्या डोक्यात आहेत. एक, एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि सोबत ए५२० किंवा बी५५०. दुसरी, इंटेलचा आय५-१२४००एफ आणि सोबत एच६१० किंवा बी६६०. सगळ्यात स्वस्त बोर्ड घेतला तर नेमकं काय हातचं जातं? आणि कुठे पैसे वाचवले तर पुढे त्रास होईल?

चोकमोजणी

चिपसेटच्या नावाआधी बोर्डाचा फोटो मोठा करून सॉकेटच्या डावीकडे आणि वर बघा. करड्या रंगाचे चौकोनी ठोकळे रांगेत दिसतील, ते चोक. त्यांना लागून चपटे काळे तुकडे असतात, ते मॉसफेट. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट इथे प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवले जातात, आणि ते करताना हा भाग चांगलाच तापतो. यालाच व्हीआरएम म्हणतात. सगळ्यात स्वस्त बोर्डांवर मॉसफेट उघडेच असतात. त्याच्या एक पायरी वरच्या बोर्डांवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक स्क्रूने बसवलेला असतो. दोन्हींतला खरा फरक तो.

आता आकडे बघा. ५६०० चा टीडीपी (उष्णतेचा ठरवून दिलेला आकडा) ६५ वॉट आणि सॉकेटमधून घेण्याची मर्यादा ७६ वॉट. १२४००एफ ची बेस पॉवर ६५ वॉट, पण टर्बोची (वाढीव वेगाने चालतानाची) मर्यादा ११७ वॉट. म्हणजे उघड्या व्हीआरएमवर इंटेलची जोडी जास्त ताण देते. गेममध्ये हे सहसा जाणवत नाही. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पहिली काही मिनिटं ठीक जातात, मग बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. प्रोसेसरचं तापमान बघाल तर ६५ अंश, सगळं आलबेल. म्हणून लोक कूलर बदलत बसतात आणि फरक पडत नाही. उलट टॉवर कूलर लावला तर अवस्था बिघडू शकते, कारण डब्यातल्या साध्या कूलरचा पंखा खाली बोर्डावर वारा मारतो आणि व्हीआरएमला आयतीच हवा मिळते. टॉवरचा वारा मागच्या पंख्याकडे जातो.

चिपसेटचं थोडक्यात:

ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, तुम्हाला नकोच आहे. रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालतं. ग्राफिक्स स्लॉट आणि एम.२ (वेगवान एसएसडीचा स्लॉट) दोन्ही पीसीआय एक्सप्रेस ३.०, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाची जुनी, संथ पिढी. बी५५० वर हा स्लॉट आणि पहिला एम.२ हे ४.० होतात. जीटीएक्स १०६० स्वतःच ३.० असल्याने आज फरक शून्य. उद्या या मार्गाच्या चारच लेन (पदर) वापरणारं एखादं कार्ड घेतलंत, जसं आरएक्स ६५०० एक्सटी, तर ३.० वर ते स्पष्ट मागे पडतं. एक लक्षात ठेवा, रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी घेतलात तर ते प्रोसेसरच ३.० चे आहेत, मग बी५५० घेऊनही ४.० मिळणार नाही.

एच६१० वर रॅमचे स्लॉट दोनच, आणि एम.२ चिपसेटवरून ३.० वेगाने. बी६६० वर चार स्लॉट मिळू शकतात आणि प्रोसेसरला थेट जोडलेला ४.० चा एम.२ मिळतो. इथे एक खड्डा आहे: एच६१० आणि बी६६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. नावं जवळपास सारखी, फरक बहुतेक वेळा शेवटच्या ‘डी४’ एवढाच. चुकून डीडीआर५ चा बोर्ड आला तर तुमच्या स्टिक बसणारच नाहीत, खाच वेगळ्या जागी असते.

तुमच्या कामाला मी व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बी५५० घेईन. रंगीत दिवे, वायफाय, मागच्या पॅनलवरचं प्लॅस्टिकचं कवच, यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

रॅमलेटन्सी

वरच्या प्रतिसादातलं व्हीआरएमबद्दलचं सगळं मान्य, निष्कर्ष मात्र पटला नाही. हीटसिंक असलेला ए५२० मिळत असेल तर ५६०० साठी तो पुरतो. वाचलेले पैसे रॅममध्ये घाला, कारण या सेटअपमध्ये खरी अडचण त्या २४०० च्या स्टिकची आहे.

रायझनमध्ये रॅमचा वेग आणि प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग एकमेकांना बांधलेले असतात. २४०० च्या रॅमवर फॅब्रिक १२०० मेगाहर्ट्झला चालतं, ३२०० वर १६०० ला, ३६०० वर १८०० ला. २४०० वर ५६०० चालेल, पण हात बांधून. गेममध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी होतो त्यापेक्षा मधूनमधून बसणारे झटके जास्त खटकतात. जुनी रॅम ठेवायचीच असेल तर इंटेलची जोडी तिच्यावर तुलनेने कमी रडते.

नवी घेण्याआधी जुनीतून थोडं काढून बघता येईल. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) रॅमचं व्होल्टेज १.३५ करा, वेग २६६६ ठेवा, टिकला तर २९३३. दर पायरीला मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही पास पूर्ण होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर एक पायरी खाली या. ‘विंडोज उघडलं म्हणजे रॅम ठीक आहे’ असं धरू नका. रॅममध्ये एखादा बिट चुकत राहिला तर फायली हळूहळू खराब होतात आणि ते कळेपर्यंत बॅकअपमध्येही खराब फायली गेलेल्या असतात.

नवी घेतलीत तर ८ जीबीच्या दोन, ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमचा प्रतिसादाचा विलंब), एकाच पाकिटातल्या. जुन्या दोन काढून ठेवा. चार मिसळल्या तर सगळ्या सगळ्यात संथ स्टिकच्या वेगाने चालतात, तोही टिकेलच असं नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच पडून राहते.

रिव्हिजनबघा

एएम४ (५६०० चं सॉकेट) घेणार असाल तर बायोसचा मुद्दा आधी सोडवा. ए५२० आणि बी५५० हे बोर्ड २०२० च्या मध्याला आले, रायझन ५००० त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. सुरुवातीच्या साठ्यातला बोर्ड हाती लागला तर ५६०० लावल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. खोक्यावर रायझन ५००० डेस्कटॉप रेडी असा स्टिकर असेल तर चिंता नाही. नसेल तर उत्पादकाच्या साइटवर त्या बोर्डाची प्रोसेसर यादी उघडा, ५६०० समोर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. यादी बघताना बोर्डाची रिव्हिजनही (आवृत्तीचा क्रमांक) जुळवा. ती पीसीबीच्या (बोर्डाच्या पाटीच्या) कोपऱ्यात अगदी बारीक छापलेली असते, १.०, १.२ अशी. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्ये व्हीआरएम आणि लॅनची चिप वेगळी निघू शकते, आणि एकीचा बायोस दुसरीला चालत नाही.

म्हणूनच स्वस्त बोर्डांतही मी प्रोसेसरशिवाय बायोस टाकता येणारं बटण असलेला बोर्ड निवडायला सांगेन. कृती अशी:

३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. बायोसची फाइल झिपमधून बाहेर काढून मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला द्या आणि ती थेट पेनड्राइव्हवर ठेवा, फोल्डरमध्ये नको. एसएमपीएसचा २४ पिनचा आणि प्रोसेसरचा ८ पिनचा असे दोन्ही प्लग बोर्डला लावा. पेनड्राइव्ह मागच्या पॅनलवर खूण केलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये घाला. बटण ३ सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागला की हात लावू नका. साधारण ५ ते ८ मिनिटांत तो थांबतो. पाच सेकंदांतच थांबला किंवा सलग पेटून राहिला, तर फाइल सापडलेली नाही. नव्वद टक्के वेळा नाव किंवा एक्स्टेन्शन चुकलेलं असतं.

१२४००एफ आणि एच६१०, बी६६० हे दोन्ही जानेवारी २०२२ चे, त्यामुळे तिकडे हा प्रश्न येत नाही. १३ व्या पिढीचा प्रोसेसर घेतलात तरच येतो.

पानास्क्रू

बसवण्यातल्या चार गोष्टी, कारण बोर्ड इथेच मरतात.

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) नव्या बोर्डाच्या भोकांशी एकेक करून जुळवा. बोर्डाखाली एक जरी जास्तीचा राहिला तरी तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. पूर्ण मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ मिमी असतो, पण स्वस्त बोर्ड बऱ्याचदा अरुंद असतात आणि त्यांची उजवी कड कशावरच टेकत नाही. २४ पिनचा प्लग नेमका त्याच कडेला असतो. तो दाबताना बोर्डाखाली बोट देऊन आधार द्या.

एसएमपीएसवर प्रोसेसरसाठी ४+४ पिनचा प्लग आहे का बघा. फक्त ४ पिन असेल तर ६५ वॉटच्या प्रोसेसरला चालून जातं, ८ पिनच्या सॉकेटमध्ये तो एका बाजूला बसतो. पण ग्राफिक्स कार्डाचा ६+२ पिनचा प्लग तिथे रेटू नका. त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड बरोबर उलट बाजूंना असतात.

जुना कूलर यापैकी कुठेच बसणार नाही. ५६०० च्या खोक्यातल्या कूलरला बोर्डावरची प्लॅस्टिकची दोन ब्रॅकेट आधी काढावी लागतात. शेवटचा स्क्रू सुटला की बोर्डामागची धातूची पट्टी गळून पडते, म्हणून एक हात मागे धरा. कूलरचे चार स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळा.

आणि ५६०० असो वा १२४००एफ, दोघांनाही स्वतःचं ग्राफिक्स नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा.

बोर्डशोधक

सगळ्यांचे मनापासून आभार. एसएमपीएसवर ४+४ आहे. चार स्लॉट, व्हीआरएमवर हीटसिंक आणि बायोसचं बटण असलेला मायक्रो एटीएक्स बी५५० निवडतोय, त्यातला बिनवायफायचा. ३२०० ची रॅम पुढच्या महिन्यात. आता शेवटचं: एसएसडीवरचं विंडोज तसंच उचलून नव्या बोर्डला लावलं तर चालेल का?

रिव्हिजनबघा

चालतं, पण जुना बोर्ड सोडवण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड बघा. ‘लेगसी’ असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली आहे. तशीच नव्या बोर्डावर नेली तर सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू करण्याची सोय) चालू करावं लागेल, मग सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर खरं आहे का तपासणारी सोय) मिळणार नाही आणि विंडोज ११ अडेल. डेटाचा बॅकअप घ्या, विंडोजसोबतच येणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डिस्क बदला, जुन्याच बोर्डावर यूईएफआय (लेगसीच्या जागी आलेला नवा) मोड लावून एकदा सुरू होतंय याची खात्री करा, मग काढा.

दुसरी, विंडोजचा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. रिटेल परवाना असेल तर नव्या बोर्डावर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून तो परत मिळतो. ओईएम (मशीनसोबत आलेला) परवाना जुन्या बोर्डालाच बांधलेला असतो, तो येत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे बिटलॉकर, विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर तो चालू असेल तर पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. त्याची किल्ली जुन्या मशीनच्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपमध्ये) असते, नवा बोर्ड थेट ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

नव्या बोर्डावर अजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा त्यानंतरचा असलेला बायोस टाका. त्याआधीच्या आवृत्त्यांत एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्याच टीपीएममुळे) मधूनच आवाज आणि चित्र अडखळायचं. पहिल्यांदा सुरू करताना काळ्या पडद्यावर नवा प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन असा प्रश्न येईल. बिटलॉकर आधीच बंद केलेला असला तर बिनधास्त वाय दाबा. पुढे कधी बिटलॉकर चालू केलात आणि बायोस अपडेटनंतर हाच प्रश्न पुन्हा आला, तर आधी एन दाबा आणि रिकव्हरी की शोधून हातात घ्या.