ऑटोमॅटिक गाडी गियर लै उशिरा टाकायली, मिस्त्री म्हणतो गियरबॉक्स खोला. काय करू?

मांजराकाठ

रामराम मंडळी. डोक्याला लै ताप झालाय म्हणून विचारायलोय. सेकंड हँड घेतलेली २०१६ ची पेट्रोल सेडान आहे, सहा गियरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गियरबॉक्सला देणारी (एएमटी नाही, आधीच सांगून ठेवतो). कंपनीचं नाव टाकत नाही, उगं कंपनीवरून भांडणं लागतेत. मीटरवर ९४ हजार किमी पडलेत.

दोन-तीन महिन्यापासून असं व्हायलंय की सकाळी चालू करून डी मधी टाकली तर काहीच होत नाही, मनात एक दोन तीन म्हणेपर्यंत गाडी जागची हलत नाही अन मंग एकदम मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का देऊन निघते. रिव्हर्सला तर अजून जास्त. चालायला लागली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा २ हजारावरून ३ हजारावर पळतो, स्पीड आहे तेवढाच, अन मंग कुठं गियर पडतो. परवा बीडहून अंबाजोगाईला येताना मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ओव्हरटेकला पाय दाबला तर इंजिन नुसतं बोंबलायलंय अन गाडी काही पुढं सरकंना, समोरून यष्टी आली. कसाबसा ट्रॅक्टरच्या मागं परत घुसलो. बायको म्हणली उद्यापासून मी यष्टीनंच जाते.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं एक चक्कर मारली अन म्हणला गियरबॉक्स गेला, खोलावा लागंल, १ लाख ४० हजार. बोनेटसुद्धा उघडलं नाही पठ्ठ्यानं. इंजिनची लाईट लागत नाही, मोबाईलला जोडायचं स्वस्तातलं ओबीडी (बिघाडाचे कोड वाचायची डबी) लावून बघितलं, एक पण कोड नाही. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेत, ते गियरबॉक्सात घालायची इच्छा नाही. कुणाला अनुभव?

परभणीकर_२२

जगात जर्मनी, भारतात परभणी, अन ऑटोमॅटिक गाडीला मिस्त्री दोन्हीकडं शोधा. मजाक सोडा, ऑनलाईन गियरबॉक्सात टाकायच्या बाटल्या मिळतेत, माझ्या मेव्हण्यानं टाकली होती, फरक पडला म्हणतो. आधी ती टाकून बघा, हजारभराचा खेळ आहे.

जालना_स्टील

माझ्या गाडीला असाच धक्का बसायचा, आर टाकलं की धाडकन. मला पण गियरबॉक्सचीच भीती घातली होती. निघालं काय तर गियरबॉक्सला धरून ठेवणारं माउंट, रबर पार फाटलेलं. बोनेट उघडं ठेवून, एकानं ब्रेक गच्च दाबून डी-आर-डी करायचं अन दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं (समोर उभं राहू नका बाबा), इंजिन उडी मारत असंल तर माउंट. पण तुमचा काटा पळतोय म्हणताय, ते माउंटनं होत नाही.

जुना_फोरमन

मांजराकाठ भाऊ, थांबा. बाटली टाकू नका आणि गियरबॉक्सही खोलू नका. २२ वर्षं सर्व्हिस सेंटरला काढली, आता वाळूजला स्वतःचं शेड आहे, महिन्याला दोन-तीन गाड्या अशाच येतात, आणि त्यातल्या बऱ्याच खोलायच्या नसतातच.

तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. डी टाकल्यावर गाडी उशिरा ओढते म्हणजे आतले क्लच दाबणारं ऑइल प्रेशर उशिरा तयार होतं. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा, चांगल्या गाडीत न्यूट्रलवरून डी धरायला एक-सव्वा सेकंद लागतो, आरला दीडपर्यंत चालतं. तुम्ही तीन म्हणताय. आणि काटा पळून मग गियर पडतो, म्हणजे एक क्लच सुटला आणि दुसऱ्यानं वेळेवर पकडलं नाही. दोन्हीचं मूळ एकच असू शकतं, ऑइल कमी. ऑइल कमी असलं की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, हवा दाबली जाते आणि प्रेशर काही बनत नाही, उसाच्या रसाच्या ग्लासात वर फेस आणि खाली रस दोन बोटं तसा प्रकार. सकाळी ऑइल थंड असतं, थंडीत आकसतं, म्हणून लेव्हल अजून खाली. घाटात गाडी तिरपी, पाय दाबलेला, ऑइल चेंबरच्या मागच्या बाजूला जातं आणि पंपाची जाळी उघडी पडते. तुमचा घाटातला किस्सा वाचून मला हेच वाटलं.

कोड नाही यावर जाऊ नका. ती स्वस्तातली डबी बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलते, गियरबॉक्सचा कॉम्प्युटर वेगळा. इंजिनकडं फार तर पी ०७०० येतो, त्याचा अर्थ एवढाच की गियरबॉक्सवाल्याला काहीतरी सांगायचंय, काय ते त्याच्याकडूनच ऐका. त्याला मोठा स्कॅनर लागतो.

आता मला तीन गोष्टी सांगा. एक, गाडीखाली कधी लालसर डाग दिसला का. दोन, गियरबॉक्सचं ऑइल आजवर कधी बदललं, कुठलं टाकलं. तीन, आणि हे नीट आठवून सांगा, गेल्या सहा महिन्यात रेडिएटर काढला होता का?

लातूरची_गाडी

फोरमन साहेब माझी पण शंका घ्या. माझी एएमटी आहे, ६० हजार झालेत, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एकदम डुलकी लागल्यासारखी थांबती बघा. मी पण एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल) चेक करू का? आमच्याकडं एकजण म्हणलाय एटीएफ बदला म्हणून.

जुना_फोरमन

लातूरकर, तुमच्या गाडीत एटीएफ नसतंच हो, जो सांगतोय त्याला गाडी दाखवू नका. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गियरबॉक्स, क्लचवर पाय तुमच्याऐवजी मशीन देतं. क्लच दाब, गियर काढ, दुसरा टाक, क्लच सोड, तेवढा वेळ ओढ तुटणारच, ती डुलकी जन्मजात आहे. गियर पडायच्या वेळी पाय जरासा हलका करा, निम्मी जाणवणार नाही. पण आधी नव्हती आणि आता वाढली असेल तर क्लच प्लेट झिजली का बघा. क्लच बदलला असेल तर स्कॅनरनं शिकवणी करून घ्यावी लागते, नाहीतर मशीनला नवी प्लेट कुठं पकडते तेच माहीत नसतं. बॅटरी जुनी असेल तर तीही तपासा, सगळा कारभार विजेवर आहे. बाकी सीव्हीटीवाल्यांनीही (पट्टा-पुलीवाली ऑटोमॅटिक) हा धागा वाचून स्वतःच्या गाडीत एटीएफ ओतू नये, त्यांचं ऑइल वेगळं असतं.

मांजराकाठ

फोरमन साहेब तुम्ही ज्योतिषी आहात का काय? ऑगस्टमधी रेडिएटर बदललाय! कूलंट गळायलं होतं म्हणून नवा टाकला. त्यानंतरच हे सुरू झालं, पण माझ्या डोक्यात दोन्हीचा मेळच बसला नाही, रेडिएटर म्हणजे पाणी अन गियरबॉक्स म्हणजे गियरबॉक्स. डाग म्हणाल तर अंगणात शहाबादी फरशी आहे, डाग कशाचाच नाही. ऑइल आधीच्या मालकानं बदललं का नाही माहीत नाही, मी तरी नाही.

अन डिपस्टिक कुठं असती? सगळं शोधलं, एकच सापडली ती इंजिनची.

जुना_फोरमन

ज्योतिष कसलं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गियरबॉक्सचं ऑइल थंड करायला रेडिएटरच्याच टाकीत वेगळा कूलर बसवलेला असतो, गियरबॉक्समधून दोन पाइप येतात ते त्याच्यासाठी. रेडिएटर काढला की ते पाइप सुटतात, पाइपातलं आणि जुन्या कूलरमधलं ऑइल जमिनीवर. नवा कूलर येतो कोरडा, तो भरायला परत ऑइल लागतं. मिस्त्री कूलंट मापात भरतो, गाडी चालू करतो, तापमानाचा काटा वर जात नाही, खूश. एटीएफ भरायचं राहून गेलं हे त्याला कळतही नाही, कारण गाडी त्या दिवशी चालते. गळती नाही, डाग नाही, मग ऑइल गेलं कुठं? ते ऑगस्टमध्येच गेलं.

दुसरी भीती आहे ती आधी काढून टाका. जुना रेडिएटर आतून फुटलेला असेल तर कूलंट एटीएफमध्ये मिसळू शकतं. ऑइल काढल्यावर गुलाबी लस्सीसारखं गढूळ दिसलं तर गाडी तिथंच उभी करा आणि मला सांगा, क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर पाण्यानं आणि कूलंटनं सुटतं, मग मात्र तो १ लाख ४० हजारवाला खरा ठरू शकतो.

डिपस्टिक तुमच्या गाडीत नसेल, आता बऱ्याच गाड्यांत देत नाहीत. गियरबॉक्सच्या अंगाला लेव्हलचा बोल्ट असतो. लेव्हल घ्यायची पद्धत नीट वाचा, निम्मे मिस्त्री इथंच चुकतात. गाडी लिफ्टवर चारी चाकं सपाट. इंजिन चालू. ब्रेक दाबून पी पासून डी पर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत. स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघायचं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती ते लिहिलेलं असतं, त्या आकड्यात आलं की इंजिन चालूच ठेवून बोल्ट उघडायचा. बारीक धार येऊन थेंबावर आली की लेव्हल बरोबर. काहीच आलं नाही तर कमी. इंजिन बंद करून बोल्ट उघडला तर ऑइल खाली उतरून जमलेलं असतं, भळाभळा येतं, आणि मिस्त्री म्हणतो बघा फुल आहे. तिथंच फसगत. सायलेन्सर तापलेला असतो, हे घरी अंगणात जॅकवर करू नका, हात जोडून सांगतो.

काढलेल्या ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि फोटो टाका. वासही घ्या, करपल्याचा येतो का ते सांगा.

परभणीकर_२२

म्हणजे माझ्या मेव्हण्याची बाटली वायाच गेली म्हणा की.

जुना_फोरमन

कुणास ठाऊक, त्याचं पण ऑइलच कमी असेल, बाटलीनं तेवढी भर पडली असेल.

मांजराकाठ

मंडळी, तीन दिवस लागले उत्तर द्यायला, सॉरी. बीडमधी स्कॅनरवर तापमान बघून देणारा कुणी सापडंना, शेवटी संभाजीनगरला नेली, रस्त्यानं ८० च्या वर नेली नाही.

लिफ्टवर घेतली, मी खालीच उभा होतो मान वर करून. पोरानं इंजिन चालू ठेवून बोल्ट उघडला, एक थेंब पण आला नाही. दोघं तिघं एकमेकाकडं बघायले. मंग भरायला सुरुवात केली, पाऊण लिटर गेलं तरी काही नाही, एक लिटरच्या पुढं गेल्यावर कुठं धार आली. म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास कमी होतं. कूलंट मिसळलेलं नाही, लस्सी बिस्सी काही नव्हतं. पण ऑइलचा रंग लाल म्हणायची सोय नाही, गुळाच्या चहासारखा. कागदावर मधी तपकिरी अन कडंला पिवळट. वास उग्र आहे पण करपल्याचा नाही असं मला वाटलं, तिथला पोरगा पण तसंच म्हणला.

मोठ्या स्कॅनरवर गियरबॉक्समधी एक कोड होता, पी ०७३०, गियरचं प्रमाण जुळत नाही म्हणून. पुसला.

आज सकाळी स्टॉपवॉच लावला. डी ला सव्वा सेकंद, आर ला दीड. धक्का जवळपास गेला. दुसऱ्या-तिसऱ्यातला काटा अजून जरा पळतो, पण फक्त थंड असताना, पहिल्या दोन-तीन किलोमीटरात. सगळं मिळून अडीच हजारात झालं. तिथलेच म्हणायले की मशीन लावून पूर्ण ऑइल फ्लश करून घ्या, करू का?

जुना_फोरमन

मशीन नको. ९४ हजार एकाच ऑइलवर झालेत असं धरून चाला. जोरात फ्लश मारला की बसलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग) बारीक वाटांत जाऊन बसू शकतो. चेंबरचा बोल्ट काढून जेवढं आपोआप पडतं तेवढंच काढा आणि तेवढंच मोजून भरा. एका वेळी निम्मंही निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून हजार-हजार किमीनं असं दोन-तीनदा करा. ऑइल मॅन्युअलमध्ये नाव दिलंय तेच, दुकानदार म्हणेल सगळ्या ऑटोमॅटिकला हेच चालतं, त्याचं ऐकू नका. तुम्ही सव्वा लिटर भरलं ते कुठलं होतं, बिलावर बघा.

थंडीतला पळणारा काटा आठवडाभर बघा. कमी प्रेशरमध्ये कॉम्प्युटर क्लच कधी दाबायचा याचे चुकीचे आकडे शिकून बसलेला असतो, ते हळूहळू सुधारतात, नाहीतर ऑइल बदलताना स्कॅनरनं पुसून परत शिकवायचे. तीन वेळा ऑइल बदलून, लेव्हल बरोबर असून तरीही पळत असेल, तर गेज लावून प्रेशर मोजायचं, मग सोलेनॉइड (विजेवर चालणारे ऑइलचे व्हॉल्व्ह) आणि व्हॉल्व्ह बॉडी. खोलायचं त्याच्याही नंतर.

जालना_स्टील

फोरमन साहेब वाळूजला नक्की कुठं शेड आहे, माझ्या गाडीचं पण ऑइल ८० हजारावर आलंय.

जुना_फोरमन

मेसेज करतो. येताना गाडी गरम करून आणू नका असं कुणी सांगितलं असेल तर विसरा, नेहमीसारखी चालवतच आणा.

मांजराकाठ

बिल बघितलं, मॅन्युअलमधलंच ऑइल आहे. पहिला ड्रेन पुढच्या रविवारी करणार. अन त्या १ लाख ४० हजारवाल्याचा काल फोन आलता, गाडी कधी आणता म्हणून. म्हणलो रेडिएटरला पाणी भरायलोय, झालं की सांगतो.

जुना_फोरमन

😄 ड्रेन करताना चेंबर काढलं तर आतलं मॅग्नेट बघा. करड्या रंगाचा मऊ लेप असला तर ठीक, ते सगळ्यांनाच असतं. बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर पुसून टाकू नका, आधी फोटो काढा आणि इथं टाका.