विंडोज १० वरून लिनक्सवर जाताना जुन्या मराठी मजकुराचे काय करावे?

प्रश्न – वाचनालयाचा सचिव, डिचोली

नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या गावात एक वाचनालय आहे आणि त्याला जोडूनच एक नाट्यमंडळ आहे. दोहोंचे कामकाज एकाच संगणकावर चालते व त्यावर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ आमच्या यंत्रावर बसत नाही, कारण यंत्रातील प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. यंत्र तसे धडधाकट आहे, रॅम ४ जीबी आहे. नव्या संगणकासाठी पैसे काढायचे तर यंदाची पुस्तकखरेदी थांबवावी लागेल आणि ते कार्यकारिणीला मान्य नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवावी, असा विचार पुढे आला आहे.

सभासदांची नोंद, पावत्या, सभांची इतिवृत्ते ही कामे कोणत्याही प्रणालीवर होतील, याविषयी मला शंका नाही. काळजी आहे ती नाटकांच्या संहितांची. गावच्या देवळातील उत्सवात मंडळाने वर्षानुवर्षे केलेल्या नाटकांच्या संहिता या संगणकात आहेत. त्यांत संगीत नाटके आहेत, पदे आहेत, दिग्दर्शकांनी तालमीत सुचवलेले बदलही आहेत. मूळ वह्यांना पावसाळ्यात ओल लागून त्या वाचण्याजोग्या राहिल्या नाहीत, त्यामुळे बहुतेक संहितांची संगणकातील प्रत हीच आता एकमेव प्रत आहे. हा सर्व मजकूर युनिकोड येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असून काही फाइली वर्डमध्ये, तर काही पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. एका सभासदाने त्यांतली एक फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा पहिल्या प्रवेशाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची रांग तेवढी दिसली. लिनक्सवर गेल्यावर सगळ्याच संहितांचे असे होणार का, आणि होणार असेल तर त्याआधी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – मराठी अक्षरजुळणीचे काम करणारा, फोंडा

आपण प्रणाली बदलण्यापूर्वी हा प्रश्न विचारलात, हे फार बरे झाले. पहिली गोष्ट अशी की हा धोका लिनक्समुळे येत नाही. तुम्ही उद्या विंडोज ११ असलेला नवा कोरा संगणक आणलात, तरी तो फॉन्ट त्यावर नसेल तर हीच रांग दिसेल. जुन्या फॉन्टच्या फाइलीत मराठी मजकूर असा नसतोच. तिच्यात इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात आणि त्या त्या क्रमांकाच्या जागी फॉन्ट देवनागरी आकार काढून दाखवतो. फॉन्ट नाहीसा झाला की आकार जातात आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो सगळ्या प्रणालींत एकच असतो.

जुने फॉन्ट ट्रूटाइप प्रकारचे असतील आणि परवान्याची अट आड येत नसेल, तर ते लिनक्सवर नेऊन मजकूर निदान वाचता येण्याची बरीच शक्यता असते. पण ही सोय तात्पुरती समजावी, कारण ज्या सॉफ्टवेअरने तो मजकूर टंकला जात असे, ते बहुधा विंडोजपुरतेच असते. काहींना तर यूएसबीमध्ये लावायचे डोंगल हे परवान्याचे छोटे उपकरणही लागते. शिवाय अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही आणि त्यातला उतारा कुणाला मोबाइलवर धाडता येत नाही. ज्या संहितांची दुसरी प्रत नाही, त्या या अवस्थेत ठेवू नयेत असे मला मनापासून वाटते.

म्हणून क्रम उलटा धरावा. विंडोज चालू आहे, फॉन्ट जागेवर आहेत, तोवरच प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ करून ठेवावी. विंडोज १० मध्ये प्रिंटरच्या यादीतच पीडीएफचा पर्याय असतो आणि पेजमेकरची पानेही त्याच वाटेने काढता येतात. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार सामावलेले राहतात, त्यामुळे ती कुठेही उघडली तरी पान जसेच्या तसे दिसते. तरीही एखादी पीडीएफ दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून खात्री करून घ्यावी. पुढच्या सगळ्या तपासणीचा आधार ही पीडीएफच असेल.

त्यानंतर युनिकोडमध्ये रूपांतर करावे. प्रत्येक फॉन्टकुळाची मांडणी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या फाइलीत नेमका कोणता फॉन्ट आहे ते वर्डमध्ये पाहून त्याच फॉन्टसाठी केलेला परिवर्तक वापरावा. रूपांतराने दिलेला मजकूर मात्र डोळे झाकून स्वीकारू नये. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो जसा दिसतो त्याच क्रमाने साठवलेला असतो, म्हणजे आधी ऱ्हस्व वेलांटी, मग न, पुन्हा ऱ्हस्व वेलांटी, मग म, त्यावरचा रफार आणि शेवटी ती. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : न आणि त्याची वेलांटी, मग र, हलन्त, म, त्याची वेलांटी, आणि मग ती. परिवर्तकाला वेलांटी अक्षराच्या नंतर न्यावी लागते आणि रफार अक्षराच्या आधी आणावा लागतो, व जिथे एकाच अक्षरावर दोन्ही असतात तिथे चुका हमखास राहतात. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र, पदांतील लांबवलेल्या स्वरांची अवग्रहचिन्हे, आणि मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द या जागाही नीट पाहाव्यात. इंग्रजी शब्द मुळात इंग्रजी फॉन्टमध्ये असल्यामुळे त्यांचेही रूपांतर झाले, तर त्यांची मोडतोड होते.

तपासणी एकट्याने करू नये. एकाने पीडीएफ पाहून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने रूपांतरित मजकुरावर नजर ठेवावी. मंडळात ज्यांनी त्या भूमिका केल्या आहेत त्यांना बसवलेत, तर पदांतला चुकलेला शब्द त्यांच्या कानाला लगेच खटकेल. मूळ फाइली मात्र काढून टाकू नका. त्या, पीडीएफ आणि युनिकोड प्रत असा तिन्हींचा संच दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावा.

उत्तर – संस्थांचे हिशेब पाहणारा, मडगाव

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण हिशेबाची बाजू राहून गेली. आपल्या संस्थेचे हिशेब टॅली या जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरवर असतील, तर टॅली विंडोजसाठीच बनवले जाते. वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ते चालवण्याचे प्रयत्न होतात, तरी लेखापरीक्षणाला जायचे हिशेब अशा व्यवस्थेवर ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घाई असण्याचेही कारण नाही. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. तुमचा संगणक संस्थेच्या नावावर आहे की व्यक्तीच्या, यावर कोणती योजना लागू पडते हे ठरेल, तेवढे पाहून घ्यावे. मिळालेला अवधी संहितांच्या रूपांतरासाठी वापरता येईल.

उत्तर – शाळेतील संगणक सांभाळणारी शिक्षिका, वाळपई

माझा अनुभव शाळेतल्या जुन्या यंत्रांचा आहे, म्हणून प्रत्यक्ष बसवण्याविषयी लिहिते. हिशेबाविषयी मडगावच्या सरांनी लिहिले ते योग्यच आहे, आणि त्यावर तोडही आहे. संगणकात आज असलेली हार्ड डिस्क पुसूच नका. ती काढून बाजूला ठेवा आणि तिच्या जागी लहानशी एसएसडी, म्हणजे वेगवान नव्या पद्धतीची डिस्क, घालून तिच्यावर मिंट बसवा. चौथ्या पिढीच्या यंत्राला एसएसडीने जो वेग येतो, तो दुसऱ्या कोणत्याही बदलाने येत नाही. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घातली की लिनक्सवरून तिच्यातील फाइली वाचता येतात आणि गरज पडली तर पुन्हा यंत्रात लावून विंडोजही सुरू करता येते. ती काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजच्या पॉवर पर्यायांतील फास्ट स्टार्टअप बंद करून संगणक पूर्ण बंद करावा, नाहीतर लिनक्स त्या डिस्कवर लिहू देत नाही. आणि बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात सुटी डिस्क उघड्या कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

मिंटची २२ ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार मिळणार आहे. तिचे तीन प्रकार मिळतात. ४ जीबी रॅमवर त्यांतला एक्सएफसीई घ्यावा, तो सर्वांत हलका आहे. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह पद्धतीने चालवून पाहावा. डिस्कला हात न लावता सगळे तपासता येते, आणि त्यात सर्वांत आधी प्रिंटर तपासावा. अलीकडचे नेटवर्कवरचे प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. पण काही जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरचे काम निर्मात्याच्या खास ड्रायव्हरवाचून होत नाही आणि तो लिनक्ससाठी मिळेलच असे नाही. नुसते चाचणीपान काढू नका, तुमच्या पावतीचा मराठी नमुना छापून पाहा.

मराठी टंकनासाठी कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट असतोच. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकातली ती मांडणी विंडोजवरही तीच आहे, त्यामुळे ज्यांचा हात तिच्यावर बसला आहे त्यांना नवे काही शिकावे लागत नाही. इंग्रजी के च्या जागी क, जे च्या जागी र, डी च्या जागी हलन्त. वर उल्लेख झालेला अर्धा र काढायला शिफ्ट धरून जे दाबावे, मग हलन्त, मग य. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांची मात्र सुरुवातीला गैरसोय होईल. त्यांना सरावासाठी सवड द्यावी, आणि चवथीच्या तोंडावर कार्यक्रमपत्रिकेची घाई असताना हा बदल करू नये.

वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या लिब्रेऑफिस या मोफत संचात एक जागा अशी आहे जिथे नवखे लोक गोंधळतात. तिथे इंग्रजीचा फॉन्ट व आकार वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरवावा लागतो. मजकूर निवडून अक्षराचा आकार बदलला तरी मराठी ओळ तशीच राहिली, तर हे कारण समजावे. भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीचा पर्याय चालू करून मराठी निवडावी. भाषा हिंदी राहिली, तर ज्या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी रूपे दिलेली आहेत, त्यातही पाकळीचा ल आणि देठाचा श उमटत नाहीत. नाटकाच्या संहितेत ते हिंदी वळणाचे ल आणि श पाहवत नाहीत.

प्रश्नकर्ता, डिचोली

तिघांनाही मनापासून देव बरे करो. टॅली आम्ही वापरत नाही, जमाखर्च एक्सेलमध्ये आहे, त्यामुळे ती अडचण नाही. जुनी डिस्क जपून एसएसडीवर मिंट बसवण्याची कल्पना कार्यकारिणीपुढे ठेवतो. त्याआधी पीडीएफचे काम सुरू करतो आणि वाचनाला मंडळातल्या ज्येष्ठ नटांना बोलावतो. एकच विचारायचे राहिले : पेजमेकरमधल्या पानांची मांडणी, म्हणजे डावीकडे पात्राचे नाव, उजवीकडे संवाद आणि मध्ये पदे, ही युनिकोडमध्ये पुन्हा तशीच करता येईल का?

उत्तर – मराठी अक्षरजुळणीचे काम करणारा, फोंडा

पेजमेकरला युनिकोड समजत नाही, त्यामुळे मांडणी नव्यानेच करावी लागेल. मजकूर पेजमेकरमधून बाहेर काढून आधी रूपांतर करून घ्या. मग संवादांसाठी लिब्रेऑफिस रायटरमध्ये दोन स्तंभांची, रेषा लपवलेली सारणी पुरते. पदांसाठी, पात्रांच्या नावांसाठी आणि कंसातील रंगसूचनांसाठी वेगवेगळ्या शैली ठरवून ठेवा, म्हणजे तालमीसाठी मोठ्या अक्षरांची प्रत हवी असेल तेव्हा शैलीतला आकार बदलला की साऱ्या संहितेत बदल होतो. पुस्तक छापायचे झाल्यास स्क्रायबस हे पानांच्या मांडणीचे मोफत सॉफ्टवेअर पाहावे. त्याच्या १.६ या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात. पहिल्यांदा एकच छोटी एकांकिका घेऊन सगळी प्रक्रिया शेवटपर्यंत न्या. तुमच्या फॉन्टच्या परिवर्तकात कोणत्या चुका वारंवार येतात हे तिच्यातच कळेल, आणि त्यांची यादी हाताशी असली की मोठ्या संगीत नाटकांना ‘शोधा आणि बदला’ वापरून त्या चुका एकदम दुरुस्त करता येतील. फॉन्टचे नाव कळवलेत, तर मी त्या फॉन्टमधील अडचणीच्या जोडाक्षरांचा तक्ता करून पाठवतो.