मदत हवी आहे: सरकारी जंगलात हरणासाठी झाडावर बसायला क्लाइंबर, हँग-ऑन की सॅडल? (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये कॅलमाझूजवळ राहतो. १ ऑक्टोबरला इथे धनुष्याचा हंगाम उघडतो. आजवर मी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला स्टूल टाकून बसत आलो. यंदा झाडावर बसायचं ठरवलंय. पाठीवर घेऊन जाता येईल आणि त्याच दिवशी सोडून परत आणता येईल असं मचाण हवं आहे. पर्याय इतके आहेत की निर्णय होत नाहीये.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती हवीच. इथली गोष्ट वेगळी आहे. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, त्यांना खाणारे मोठे प्राणी जवळपास उरलेले नाहीत, आणि राज्यात हरीण गाडीवर आदळण्याचे अपघात वर्षाला पन्नास हजारांच्या वर होतात. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, म्हणजे डीएनआर, परवाने देतं आणि त्या पैशातून जंगलं सांभाळली जातात. मारलेल्या हरणाचं मांस आमच्या घरात हिवाळाभर शिजतं. त्यामुळे शिकार करावी की नाही, यावर वेगळा धागा काढावा. इथे फक्त साधनाबद्दल बोलूया ही विनंती.

जागा म्हणजे ॲलेगन स्टेट गेम एरिया. सुमारे ५०,००० एकरांचं सरकारी जंगल, वाळूची जमीन, ओक आणि व्हाइट पाइन. मला बसायचं आहे ते व्हाइट ओकपाशी, कारण त्यांची फळं पडू लागली की हरणं आधी तिकडेच वळतात. पण नेमके हेच ओक वाकडे आहेत. खालपासून फांद्या, मध्येच दुबेळकं, सरळ खोड क्वचित. गाडी लावायच्या जागेपासून मैलभर चाल आहे आणि ती अंधारात करायची.

सरकारी जमिनीवर कायमचं मचाण चालत नाही. झाडात खिळे ठोकायचे नाहीत, स्क्रूच्या पायऱ्या वापरायच्या नाहीत, आणि मचाणावर खालून वाचता येईल असं नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक लावायचा. म्हणजे जे काही असेल ते पट्ट्यांनी आणि दोरांनीच बांधलं पाहिजे.

आतापर्यंत पाहिलेले पर्याय:

क्लाइंबर. दोन तुकडे असतात, वरचा बसायचा आणि खालचा पाय ठेवायचा. आळीपाळीने सरकवत वर जायचं. समिट कंपनीचं वायपर मी दुकानात बसून पाहिलं. वजन २० पौंडांच्या आसपास आणि बसायला अतिशय आरामशीर, चार तास सहज काढता येतील. पण त्याला बिनफांदीचं सरळ खोड लागतं. माझ्या ओकांवर ते चढणारच नाही, आणि यंत्रासाठी झाड निवडायचं म्हणजे हरणांची वाट सोडून भलतीकडे बसायचं.

हँग-ऑन. छोटा प्लॅटफॉर्म आणि त्यावर जोडलेली सीट, खोडाला पट्ट्याने आवळायची. वर जायला तीन-चार क्लाइंबिंग स्टिक, म्हणजे खोडाला बांधायच्या छोट्या शिड्या. वाकड्या झाडावरही जमतं. मात्र स्टिक धरून सगळं मिळून वजन क्लाइंबरएवढंच होतं. हलकी मॉडेल्स आहेत, पण ती माझ्या खिशाला परवडत नाहीत. शिवाय स्टिकवर उभं राहून प्लॅटफॉर्म खोडाला लावायचा, ते काम अंधारात गार बोटांनी करायचं याची मला धास्ती वाटते.

सॅडल. कमरेला आणि मांड्यांना बांधायचा जाळीचा पट्टा, समोर ब्रिज नावाची दोरी, ती टेदरला, म्हणजे झाडाला बांधलेल्या दोराला, अडकवायची आणि पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर टेकवून मागे रेलायचं. जॉन एबरहार्ट हे मिशिगनचेच धनुर्धारी शिकारी कित्येक वर्षं याच पद्धतीचा पुरस्कार करत आले आहेत. मला यातली एक गोष्ट फार पटते: माणूस जमिनीवरून निघाल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत झाडाला बांधलेला राहू शकतो. चढताना लाइनमन्स बेल्ट (खोडाभोवतून घेऊन कमरेला अडकवायचा दोर), वर गेल्यावर टेदर. बाकीच्या पद्धतींत लोक चढ-उतारीलाच हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे, झाडापासून मोकळा ठेवतात, आणि पडतातही बहुतेक तेव्हाच.

मी सेहेचाळीस वर्षांचा, वजन ८२ किलो, डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं. हात उजवा, धनुष्य कंपाउंड, म्हणजे कप्प्यांचं. बजेट ५०० डॉलर, फार ताणलं तर ६००. बायकोची अट आहे की दोरात अडकून राहिलो तर स्वतःचं स्वतः खाली येता आलं पाहिजे. अट रास्त आहे, मलाही तेच हवं.

प्रश्न असे:

गुडघा कुरकुरत असताना सॅडलमध्ये तीन-चार तास बसवतं का? कमरेच्या हाडांवर चिमटा बसतो असं ऐकलंय.

उंची किती ठेवावी? सगळे २० फूट म्हणतात. २० फुटांच्या मचाणावरून २० यार्डांवरच्या हरणाकडे नजर साधारण २० अंशांनी उतरते, पण तेच ५ यार्डांवर आलं की कोन ५० च्या पुढे जातो. मग बाण एकाच फुप्फुसातून जाऊन हरीण जखमी अवस्थेत लांब पळायची भीती. असं होऊ देण्यापेक्षा मी हरीण सोडून देईन. १५ फूट पुरतील का?

आणि दोर, पट्टे जुने विकत घ्यावेत का? इथे जुन्या सामानाच्या जाहिराती खूप येतात.

—

प्रतिसाद १

ओहायोतून लिहितोय. तुमचं जंगल वाचून मी डोळे झाकून सॅडल म्हणेन. वाकडा ओक सॅडलला उलट सोयीचाच, कारण तुम्ही खोडाच्या मागे लपता आणि हरीण येईल तसे खोडाभोवती फिरता. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडचा नेम सोपा, उजवीकडचा अवघड. म्हणून झाडाला बांधून घेतानाच ठरवा की हरणाची वाट तुमच्या डाव्या हाताला येईल.

गुडघ्यासाठी गुडघापट्टी घ्याच, कारण बसल्यावर गुडघे खोडाला टेकतात. थोडा वेळ बसायचं, थोडा वेळ रेलायचं, असं आलटून पालटून केलं तर चार तास निघतात. कमरेच्या चिमट्याचं म्हणाल तर ब्रिजची लांबी आणि टेदरची उंची बदलून पाहा. टेदर उभं राहिल्यावर कपाळाच्या आसपास आला पाहिजे आणि त्यात ढील कधीच राहू देऊ नका. दोन फूट ढिलाईवर पडलात तर न ताणणाऱ्या दोराचा झटका जबर बसतो.

जुने दोर आणि पट्टे अजिबात नकोत. ऊन लागून नायलॉन कमकुवत होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. स्टिक आणि प्लॅटफॉर्म जुने चालतील, पण जोड तपासून घ्या आणि पट्टे नवे लावा.

—

प्रतिसाद २

मी हँग-ऑनवाला, विस्कॉन्सिनमध्ये. आरामात सॅडल हँग-ऑनच्या जवळपासही येत नाही असं माझं मत. नोव्हेंबरात जाड कपडे चढवले की कमरेला एवढे पट्टे नकोसे होतात. आणि जमिनीपासून बांधलेलं राहणं ही काही सॅडलची मक्तेदारी नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि लाइनमन्स बेल्ट घालून हँग-ऑनही तसंच लावता येतं. जागा ठरलेली असेल तर वरून खाली लाइफलाइन सोडा. तिच्यावरची प्रूसिक गाठ तुमच्याबरोबर वर सरकते आणि पडलात तर आवळते.

पण रोज लावून रोज काढायचं असेल आणि मैलभर चालायचं असेल, तर तुमच्यासाठी सॅडल बरं हे मलाही मान्य आहे.

वहिनींच्या अटीबद्दल: हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहिलं की मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाय टेकवायला पट्ट्याचा फास खिशात ठेवा, त्यात उभं राहून भार काढता येतो. फोन आणि शिट्टी छातीच्या खिशात, पाठपिशवीत नव्हे. कुठल्या झाडावर आहात ते घरी पाठवून ठेवा. धनुष्य हातात घेऊन चढू नका, वर जाऊन दोरीने ओढून घ्या.

आणि मेलेल्या ॲशच्या झाडावर चढू नका. २००२ मध्ये तुमच्याच राज्याच्या आग्नेय भागात एमरल्ड ॲश बोरर हा कीडा सापडला, तेव्हापासून कोट्यवधी ॲश मेले. ते लाकूड फार लवकर ठिसूळ होतं. अंधारात झाड ओळखू येत नाही, म्हणून झाड दिवसाउजेडी ठरवा.

—

प्रतिसाद ३

उंचीबद्दल. तुमची शंका बरोबर आहे. पानं असेपर्यंत १५ फूट पुष्कळ होतात, मागे फांद्यांची पार्श्वभूमी मात्र हवी. पानगळ झाल्यावर १८ पर्यंत जा. वाऱ्याकडे उंचीपेक्षा जास्त लक्ष द्या. संध्याकाळी हवा गार होऊन उताराने खाली वाहते आणि तुमचा वास घेऊन जाते, तुम्ही कितीही वर बसलेले असा. अगदी पायाशी आलेल्या हरणावर बाण सोडू नका, पुढे जाऊन तिरकं उभं राहीपर्यंत थांबा. सरावही उंचावरून करा आणि वाकायचं ते कमरेतून. नुसता हात खाली केला तर बाण वर लागतो.

—

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सॅडल नक्की केलं. सॅडल, टेदर आणि लाइनमन्स बेल्ट कोरे घेणार. स्टिक जुन्या बघतो. आधी अंगणातल्या मेपलवर जमिनीपासून दोन फुटांवर बांधून सराव करेन, फासात उभं राहून भार काढायचा आणि सुटून खाली यायचं, हे बायकोसमोर करून दाखवेन, मगच वर जाईन. उंची १५ फूट.

एकच राहिलं: धनुष्य टांगायला स्क्रूचा हूक सरकारी जमिनीवर नकोच, तर खोडाभोवती बांधायच्या पट्ट्याचा कुणी वापरलाय का? धनुष्य लटकवताना कडीचा आवाज होतो का, एवढं सांगा.