पोळी-भाजी केंद्र: पोळीचा भाव ठरवताना मजुरी कशी धरायची?

पोळपाट: बचत गटाचं केंद्र आहे. रोज 180 पोळ्या, दोघी जणी, चार तास. कणीक 45 रु. किलो. पोळी 4 रुपयांना देतो, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. का?

हिशेबनीस: मजुरी ‘उरेल ती’ धरता म्हणून. आधी ती लिहा. तास फक्त लाटण्याचे नकोत. मळणं, भांडी, ओटा पुसणंही त्यात. दोघींचे मिळून 8 तास, तासाला 60 धरले तर 480, म्हणजे पोळीमागे 2.67. किलोभर कणकेत 600 मिली पाणी घालून 50 ग्रॅमचे गोळे केले तर 31-32 पोळ्या होतात, कणीक 1.45. तेल, गॅस, कागद मिळून 75 पैसे. झाले 4.87! चार रुपयांत प्रत्येक पोळीमागे 87 पैसे बायकांच्या मजुरीतूनच जातात.

तवा_तापला: उरलेल्या पोळ्याही धरा. दहात एक उरली तर खर्च 5.40 वर जातो. 6 ठेवा. आणि गोळे वजनकाट्यावर करा. अंदाजाने 60 ग्रॅमचा गोळा झाला की किलोत पाचेक पोळ्या कमी.

पोळपाट: गरजूंना स्वस्त द्यायची तर?

हिशेबनीस: द्या की, पण सवलत गटाच्या वेगळ्या खात्यातून. 1959 पासून चाललेल्या लिज्जतमध्येही लाटणावळ पापडाच्या वजनावर मिळते, नफ्याचा वाटा निराळा. मजुरी आणि नफा एकाच डब्यात टाकलात की भांडणं आलीच.