मदत हवी आहे: बेंगळूरच्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतलं समुपदेशन कसं असतं?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. पुतणी बेंगळूरला एका ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर. दहावीपर्यंत मराठी शाळा, तिथं मात्र वर्गात इंग्रजी आणि बाहेर कन्नड. पूर्वी फोनवर मेसच्या सांबाराला शिव्या घालायची, आता नुसतं "जेवले, ठेवते". रात्री झोप लागत नाही म्हणते. वहिनीने पाठवलेला चिवड्याचा डबा तसाच पडून आहे, हे तिच्या रूममेटकडून कळलं.

कॉलेजात समुपदेशन केंद्र आहे, फी नाही. पण ती जायला तयार नाही. वर्गशिक्षिकेला कळेल, फाईलवर येईल, अशी भीती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, एवढं मी तिला सांगितलं. प्रत्यक्षात काय चालतं? हजेरीला किंवा इंटर्नल मार्कांना धक्का लागतो का? घरी फोन करतात का? मराठी किंवा निदान हिंदीत बोलणारं कुणी भेटतं का?

दुसरं, फादर-सिस्टरही मुलांशी बोलतात म्हणे. ते वेगळं की त्याच केंद्राचा भाग? आमच्या आजीला धर्माची काळजी लागलीय, मला पोरीच्या झोपेची.

14416 हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर तिला दिलाय, मोफत आहे, मराठीतही बोलतात. निम्हान्स हे मानसिक आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल तिथंच बेंगळूरला आहे, इकडे आणायची झाली तर तसंच धारवाडचं डिमहान्स जवळ. पण परीक्षा तोंडावर आहे. ज्यांची मुलं अशा ठिकाणी शिकलीत त्यांनी कृपया लिहा. "लग्न करून टाका"वाल्यांनी नको.