मदत हवी आहे: मोंढ्यातल्या फोनवर शब्द अडकतो, पहिलं वाक्य काय ठेवावं?

लातूरला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर (दलालीच्या दुकानात) हिशेबाला बसणाऱ्या, तोतरेपणा असलेल्या पोरासाठी विचारतोय. समोरासमोर निभतं, गोची फोनवर होते. 'प', 'त', 'क' म्हणताना ओठ किंवा जीभ घट्ट मिटते, आवाजच फुटत नाही. पलीकडचा शेतकरी रेंज गेली समजून फोन ठेवतो. दुकानाचं नाव सगळ्यात अवघड, त्याला पर्यायी शब्द नाही. मालाच्या भावाचं तर विचारूच नका: 'चारशे'चा 'च' चुकवायला 'पाच हजार चारशे'चं 'साडेपाच हजार' केलं की क्विंटलमागं शंभराचा घोळ!

सध्या अडकलेला शब्द पुरा करून क्षणभर थांबायचं, मग तोच सैल जिभेनं पुन्हा म्हणायचा, एवढं चालू आहे. रोज दोन-तीन फोनवर मुद्दाम अडखळायचं, म्हणजे धास्ती उतरते.

आता विचारायचं ते असं. फोन उचलताच 'मी अडखळतो, जरा थांबा' म्हणावं का? गिऱ्हाइकाला कोणते शब्द रुचतात? भाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून फोन फक्त सौदा पक्का करायला ठेवलाय कुणी? सगळंच लिहून भागवलं तर फोनची भीती वाढेल असं मला वाटतं.

वेखंड उगाळून झालंय, 'दीर्घ श्वास घे'ही ऐकून झालंय. श्वास कोंडला की शब्द जास्तच अडतो. तेवढं सोडून सांगा.